लाइव्हवरची शेवळं

बुधवारी बा सकाळी आठलाच घरी परत आला. पळस्पे नाक्यावर कामाला गेलेला बा दिवस मावळायच्या आत कधी वाडीवर दिसत नाही. खांद्याला पिशवी होती. पिशवीत थापी, रंधा, ओळंबा आणि भाकरीचं फडकं. फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

आय चुलीपुढं होती. ती तिथूनच म्हणाली, "गाडी नाय आली काय?"

"आली."

"मंग?"

बा ओट्यावर बसला, चपला काढल्या आणि उगाच त्या एकमेकींवर आपटून चिखल झाडत राहिला. चिखल कधीच गळून गेला होता, तरी झाडत होता.

माझी शाळा बाराची. मी वेणी घालता घालता त्याच्यापुढं जाऊन बसले. "बा, बोल ना. कोणाशी भांडलास?"

"भांडलो असतो तर बरा झाला असता." बानं पिशवी बाजूला सरकवली. "दयाराम बोलला, फुंक मार."

दयाराम म्हणजे नाक्यावरचा मुकादम. कोणाला गाडीत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे तो ठरवतो. बा गिलावा करतो, तोही उंचावरचा. बारा-चौदा माळ्यांच्या इमारतीला बाहेरून परांची बांधतात, त्यावर उभं राहून. दयारामच्या गाडीत गेली सहा वर्षं बाची जागा ठरलेली होती.

"फुंक? कसली फुंक?"

"तोंडाची. सगळ्यांच्या समोर. मी मारली." बा जमिनीकडं बघून बोलत होता. "वास घेतला नि बोलतो, आज नसंल रं, पण एरवी असतीच की. परांचीवर पिणारा चढवला नि खाली आला, तर पोलीस माझ्या दारात. मंग मोबाइल काढला नि सगळ्यांना दाखवला."

आयनं फुंकणी खाली ठेवली. काय दाखवलं, हे आम्ही दोघींनी विचारलं नाही. आम्हाला माहीत होतं.

तो व्हिडिओ 'सावलीची ओंजळ' या संस्थेचा होता. संस्थेचं ऑफिस नवीन पनवेलला आहे. वर्षभर ते आमच्या वाडीवर येतात. खोटं कशाला बोलू, त्यांनी दप्तरं दिली, डोळे तपासले आणि शनिवारी शनिवारी आम्हा मुलींना बोलायला शिकवलं. त्याआधी मी वर्गात 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी मांडायच्या. कादंबरी मॅडमनी मोबाइल समोर धरला आणि म्हणाल्या, "दिपा, इथे बघ, थांब, श्वास घे आणि एका वेळी एकच वाक्य बोल." चार शनिवार गेले आणि माझं तोंड जे उघडलं ते अजून बंद झालेलं नाही. आता बाई म्हणतात, दिपा, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे.

मे महिन्यात एके दिवशी ते आयचं शूटिंग करायला आले. त्याच्या आदल्या दिवशी बा स्लॅबवर होता. मिक्सर बंद पडला, स्लॅब अर्धवट सोडता येत नाही, म्हणून सगळे तसेच थांबले आणि काम दुसऱ्या दिवशी सकाळी उरकलं. बा दहाला घरी आला, हातपायसुद्धा धुतले नाहीत आणि ओट्यावर पडला तो पडलाच. तोंड उघडं, एक पाय ओट्याच्या खाली लोंबकळतोय, पोटऱ्यांपर्यंत सिमेंट सुकून पांढरं झालेलं. मॅडमनी आयला विचारलं, "हे कोण?" आय म्हणाली, "माजा नवरा. कालपासनं स्लॅबवर व्हता. झोपू द्या त्याला."

त्यांनी त्याला झोपू दिलं. कॅमेरावाल्या हरेशनं फक्त त्याचे पाय घेतले, मग उघडं तोंड घेतलं, मग डोक्यावर हंडा घेऊन त्याच्या बाजूनं जाणारी आय घेतली. खाली व्हायोलिन लावलं आणि वर लिहिलं: 'नवरा दारूत बुडालेला. तरी मंगळी हरली नाही. तिच्या पाठीशी उभे राहा.'

चार लाख लोकांनी तो बघितला. बाचा चेहरा धूसर केला होता. पण आयचा चेहरा लख्ख, आयचं नाव लख्ख. मंगळीचा नवरा कोण, हे आमच्या वाडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे.

आमच्या घरात कोणी पीत नाही. बाचा बाप पिऊन ओढ्यात मेला, तेव्हा बा नऊ वर्षांचा होता. प्रेत त्यानंच पहिलं बघितलं. तेव्हापासून लग्नात कोणी बाटली पुढं केली, तर बा पंगतीतून उठतो.

त्या बुधवारपासून बा ओट्यावर आडवा झाला नाही. पत्रा तापायचा, आत जीव घुसमटायचा, तरी दुपारी आतच पडायचा, भिंतीकडं तोंड करून. आय म्हणायची, बाहेर वारा हाय. तो म्हणायचा, असू दे.

मी मनात म्हटलं, थांबा.

*

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सरळ नवीन पनवेलला गेले. कादंबरी मॅडम मला बघून खुर्चीतून उठल्या. "अरे, आमची स्टार आली! बस बाळा. चहा घेणार?"

"चहा नको. तो व्हिडिओ काढा, मॅडम."

"कोणता गं?"

"माझ्या बाचा. बा दारू पीत नाही. त्याचं काम गेलंय."

मॅडमनी तोंड वाईट केलं, म्हणजे खरंच वाईट वाटल्यासारखं. खांद्यावर हात ठेवला. "ओह. सो सॉरी, दिपा. पण आपण चेहरा ब्लर केलाय ना?"

"आयचा नाही केला."

"हे बघ, तो व्हिडिओ एका माणसाबद्दल नाहीये. तो प्रातिनिधिक आहे. अशी कितीतरी घरं आहेत."

"मग प्रातिनिधिक माणूस आणून झोपवायचा ना ओट्यावर. माझा बा कशाला?"

हरेश कोपऱ्यात हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि वर्गात शिकवतात तसं समजावायला लागल्या. "लोक रिपोर्ट वाचून जोडले जात नाहीत, गोष्ट बघून जोडले जातात. स्क्रोल करणारा अंगठा थांबवायला आपल्याकडे तीन सेकंद असतात. तीन! आता समज, मी लिहिलं, 'नवरा काम करून थकून झोपलाय.' कोण थांबेल?"

"मी थांबीन."

"तू थांबशील गं. पण जग नाही थांबणार. त्या एका रीलमुळे आपले फॉलोअर तिप्पट झाले. त्यातूनच तुमच्या वाडीचं सोलर होणार आहे. तो काढला तर सगळं परत शून्यावर. तुला वाडीत दिवे हवेत ना?"

मला दिवे हवे होते. म्हणूनच तर जास्त राग आला. मागणारी मी आणि देणाऱ्या त्या, म्हणून बाचं तोंड उघडं राहणार चार लाख लोकांपुढं.

मी उठले. तेवढ्यात हरेश म्हणाला, "मॅडम, ही आलीच आहे तर नवीन रील दाखवू का? काही चुकलं असेल तर सांगेल."

नवीन रील आयचा होता. मागच्या आठवड्यात त्यांनी आमच्या चुलीपुढं शेवळांची भाजी शूट केली होती. शेवळ म्हणजे मिरगाच्या पावसात जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब, बोटभर जाड, हातभर उंच. पनवेलच्या बाजारात आमच्या बायका तो जुड्या बांधून विकतात आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं देतात. काकड म्हणजे काकडी नाही. आवळ्याहून लहान, हिरवं, आंबटढाण रानफळ. ते कुटून त्याचा रस शेवळांत घातलाच पाहिजे, कारण शेवळ खाजरं. रस नसेल, तर गिळल्यावर घशात आग्या मुंग्या सोडल्यासारखं होतं. आयनं हे कॅमेऱ्यापुढं सांगितलं होतं, दोनदा, बोट वर करून.

रील तीस सेकंदांचा होता. आय शेवळं सोलते, चिरते, तेलात टाकते, चर्रर्र, वाफ, ताट. संपलं.

मी म्हटलं, "परत लावा."

परत लावला. सोलते, चिरते, चर्रर्र, वाफ, ताट.

"खूप लांब झालं होतं," हरेश म्हणाला. "मधे दीड मिनिट नुसतं कुटणंच चाललेलं. बोअर होत होतं, उडवलं. बाकी ओके ना?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. "नीट बघ हं दिपा. कारण रविवारी बेलपाड्याच्या हॉलमध्ये आपला मोठा कार्यक्रम आहे. 'रानाचं ताट, थेट तुमच्यासमोर.' लाइव्ह! आपले चाळीस सपोर्टर येणार, आणि हा रील समोर ठेवून भाजी मी स्वतः करणार. सगळ्यात आधी मीच चाखणार."

"आय नाही करणार?"

"त्या कॅमेऱ्यासमोर गप्प होतात गं. एनर्जी लागते. त्यांनी फक्त भाजी पाठवायची."

मी इथं बघितलं, थांबले, श्वास घेतला आणि एकच वाक्य बोलले. "मस्त झालाय, मॅडम."

*

शनिवारी फटफटायच्या आत आय आणि मी कर्नाळ्याच्या पायथ्याला गेलो. शेवळं काढायला घाई चालत नाही. बांबूच्या बेटाखाली, पाचोळ्याखाली वाकून वाकून बघावं लागतं, आणि दिसलं की उपटायचं नाही, मुळाशी विळा लावून हळूच कापायचं, म्हणजे खालचा कांदा पुढच्या वर्षाला राहतो. पाऊस पडत नव्हता, पण झाडं गळत होती. आयची पाठ ओली, माझी पाठ ओली, पोटऱ्यांना जळवा. आय त्या बोटानं खरवडून फेकत होती आणि बोलत होती.

"तुजा बा काल जेवला नाय."

"मला माहीत हाय."

"सोळा वर्सं झाली लग्नाला. एकदा हात नाय उचलला माज्यावर." तिनं शेवळ कापलं, पदराच्या ओच्यात टाकलं. "नि सगल्या जगाला वाटतंय मी मार खाते. काल बाजारात एक बाई मना बोलली, सोड गो त्याला. मी तिला फुकट जुडी द्यायची नि तिनं मना नवरा सोडायला सांगायचा!"

मी हसले. ती हसली नाही. नंतर काकडं गोळा करायला आम्ही दोन ओहोळ ओलांडून गेलो, आणि तोवर माझं ठरलेलं होतं.

रविवारी आयला बाजारात बसायचं होतं, म्हणून भाजी घेऊन मी एकटी निघाले. आयनं शेवळांच्या जुड्या टोपलीत रचल्या. काकडांचं वेगळं गाठोडं बांधलं, चांगलं मोठं, आणि माझ्या हातात दिलं. "हे मॅडमच्या हातात दे. बोल, आदी कुटा, रस काडा, मंगच भाजी. इसरू नको."

"नाय इसरत," मी म्हटलं आणि गाठोडं शाळेच्या दप्तरात टाकलं.

ते खरंच होतं. मी विसरले नाही.

*

बेलपाड्याचा हॉल कमळाबाईंचा. जुन्या गावातली आगरी म्हातारी, नाकात नथ, अंगावर जड नऊवारी. तिच्या शेतीवर इमारती झाल्या आणि एका इमारतीखाली हा हॉल. तिनं तो संस्थेला फुकट दिला होता आणि बदल्यात पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली होती.

मी टोपली टेबलावर ठेवली. दप्तर पाठीवरच राहू दिलं. मॅडम खणाची साडी नेसून, केसात गजरा माळून तयार होत्या. मोबाइल तिपाईवर, त्याच्या भोवती गोल दिवा. हरेशनं बोटं दुमडत मोजलं, तीन, दोन, एक.

"नमस्कार, मी कादंबरी! आज आपण थेट रानात जाणार आहोत, ताटातून!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रीनवर लाल बदाम वर वर जायला लागले. मॅडम सोलत होत्या, चिरत होत्या, मधेच रील लावून बघत होत्या. तेल तापलं, चर्रर्र झालं. कमळाबाई मान उंच करून कढईकडं बघत होत्या. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"पोरी, तू वाडीवरची ना? काकडं टाकली का गो हिनं?"

 पाठीवर गाठोडं टोचत होतं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी ऐकलं होतं. त्या कॅमेऱ्याकडं बघूनच गोड हसल्या. "काकू, ही अगदी ऑथेंटिक रेसिपी आहे. वाडीवरच्या मंगळीताईंची. बाहेरचं काही नाही!"

"मंगळी? त्या व्हिडवातली?" कमळाबाईंनी मला न्याहाळलं. "मंग शुक्राची पोर तू. माझ्या तिन्ही मजल्यांना गिलावा त्यानंच केलाय. एक दिवस त्याच्या तोंडाला वास नाय आला. तो व्हिडव बघून मी सुनेला बोलले, हे खोटा हाय."

माझे डोळे भरून आले, पण तो दिवस रडायचा नव्हता.

ताटं फिरली. कमळाबाईंनी ताट घेतलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि तसंच खुर्चीखाली सरकवलं. मॅडमनी कॅमेऱ्यापुढं मोठा घास घेतला. डोळे मिटले. "वॉव! काय अर्दी, मातीची टेस्ट आहे!"

शेवळाची खाज लगेच लागत नाही. ती दहावीच्या निकालासारखी येते, जरा वेळ ताटकळत ठेवून. सगळे खात होते, छान छान म्हणत होते. मी भिंतीला टेकून मोजत होते. मॅडम सोलरबद्दल बोलत होत्या. "आपल्या प्रत्येक शेअरमुळे एका घरात—" त्या थांबल्या. खाकरल्या. "एका घरात दिवा—" परत खाकरल्या. हात गळ्याकडं गेला.

मागच्या रांगेत एक बाई जोरजोरात खोकायला लागली. मग दोघं. मग कोणी म्हणालं, पाणी, पाणी. पाण्यानं काही होत नाही, उलट वाढतं. माणसं जीभ दातांनी खरवडत होती, गळा चोळत होती. सुटातला एक गृहस्थ टाय सोडून घशात बोट घालत होता. हरेशनं ताट टाकलं आणि बेसिनकडं पळाला. त्यामुळं लाइव्ह बंद करायला कोणी उरलं नाही. मोबाइल तिपाईवर शांतपणे उभा होता आणि बघणारे शंभराचे हजार झाले होते.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतका की पायाचे तळवे गरम झाले. बाचं उघडं तोंड चार लाखांनी बघितलं होतं. आता ही चाळीस तोंडं उघडी होती.

फक्त एक म्हातारे आजोबा होते, काठीवाले. ते खोकत नव्हते, ओरडत नव्हते, नुसतं डोळ्यांतून पाणी गाळत खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. त्यांच्याकडं बघवेना. मी दप्तर उघडलं, पहिलं काकड त्यांना दिलं. "चावा आजोबा. आंबट हाय, पण चावा. रस हळूहळू गिळा."

त्यांनी चावलं. थोड्या वेळानं हात सैल झाला. मग सगळेच माझ्याकडं धावले. मी वाटत गेले, प्रत्येकाला दोन दोन. कमळाबाई बसल्या जागेवरून ओरडत होत्या, "चोखा रे, चोखा! लिंबूपण चालतो! स्वयंपाकघरात बघा!" आणि पदरात तोंड लपवून हसत होत्या.

मॅडम माझ्यापुढं आल्या. काजळ गालावर आलं होतं. हात पुढं केला. गाठोड्यात चार-पाच काकडं उरली होती. मी मूठ बंद केली.

"आधी तो व्हिडिओ काढा."

"दिपा... प्लीज..." आवाज फाटला होता.

"काढा."

"आत्ता? लाइव्ह चालू—"

"म्हणूनच."

त्यांनी पर्समधून दुसरा मोबाइल काढला.  मी शेजारी उभी राहून बघितलं. बाचे पाय, आयचा हंडा, डिलीट. खरंच काढायचा का, असं मोबाइलनं विचारलं. त्यांनी हो दाबलं.

"आता तिकडं बघून बोला," मी तिपाईकडं बोट केलं. "मंगळीचा नवरा दारू पीत नाही."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, जणू त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या. मग कॅमेऱ्याकडं वळल्या. "मंगळीताईंचे पती... शुक्रादादा... दारू पीत नाहीत."

"मग झोपले का होते?"

"कामावरून... स्लॅब टाकून आले होते."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

 खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. मॅडमनी आवंढा गिळला आणि त्यानं पुन्हा आग झाली असणार, कारण त्यांचा चेहरा कळवळला.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं."

मी मूठ उघडली.

*

दयाराम मुकादमाचा फोन त्याच संध्याकाळी आला. बानं तो कानाला लावला, ऐकून घेतलं, "बरा" एवढंच म्हणाला. सोमवारी सकाळी पिशवी घेऊन गेला, दिवस मावळल्यावर आला, केसात सिमेंट घेऊन. मला वाटलं, झालं. मी वाडीभर नाचत होते. पोरी मला विचारत होत्या, परत सांग, मॅडमचा आवाज कसा झाला? मी परत परत काढून दाखवत होते.

बा मला काही बोलला नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

मंगळवारी आय बाजारातून आली, ती टोपली भरलेलीच घेऊन. मागून बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या जनीमावशीची टोपलीपण भरलेली. दोघी बसस्टॉपपासून सोबत चालत आल्या होत्या, तरी जनीमावशी आमच्या दारात न थांबता पुढं गेली.

हॉलमधल्या खोकणाऱ्या माणसांचा व्हिडिओ कोणीतरी कापून पसरवला होता. त्यात मी नव्हते, मॅडमचं बोलणं नव्हतं, काकडं नव्हती. नुसती भाजी आणि खोकला. वर लिहिलं होतं, 'रानभाजी खाताना सावधान.' दोन दिवस पनवेलच्या बाजारात शेवळांना कोणी हात लावला नाही. बायका लांबूनच म्हणायच्या, नको बाई ते, विषारी असतं. एक तर आयला म्हणाली, तुम्ही लोक काहीपण विकता. जनीमावशीला तिथं रडू आलं होतं.

शेवळ दोन दिवसांत वाळतं. टोपलीतली काळी पडायला लागली होती.

आयनं टोपली खाली ठेवली, त्यातलीच एक जुडी घेतली, सोलली, चिरली, चुलीवर टाकली. मी बघत होते. काकडांची वाटी तिच्या शेजारी होती. तिनं वाटीला हात लावला नाही. भाजी शिजली, तशी तिनं ताट वाढलं. भाकरी आणि भाजी, ढीगभर. माझ्यापुढं सरकवलं.

"खा."

मी ताटाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "यात काकड नाय."

"तुला कसा कलला? खा. त्या लोकांना दिलास ना माज्या नावानं? मंगळीची भाजी म्हनून? आजपातूर माज्या हातचा खाऊन कोणी खोकला नव्हता."

मी घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला सुरू झालं. आधी जिभेच्या मागं टोचलं, मग घसा आतून कोणी काथ्यानं घासावा तसं. कानाच्या आतपर्यंत खाज. नाकातून, डोळ्यांतून पाणी. आय समोर उकिडवी बसली होती, काकडांची वाटी हातात धरून.

"म्हन, चुकलं."

मी मान हलवली.

"म्हन, नि घे."

मला ते आजोबा आठवले. जनीमावशीची टोपली आठवली. उद्या बाजारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काकडाचं ओरडून सांगेन, घसा बसेपर्यंत सांगेन, हे मनात पक्कं होतं, आणि ते मी म्हटलंही, जेवढा आवाज निघाला तेवढ्यात. "बाजारात बसंन. रोज. जनीमावशीच्या पाया पडंन. पण चुकलं नाय म्हननार. पुन्ना करीन."

आयचा हात उठला. तो माझ्यावर पडणार होता की नाही, कोण जाणे. कारण तेवढ्यात बा आला. त्यानं दारात पिशवी उतरवली, आमच्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आयच्या हातातल्या वाटीकडं बघितलं. सगळं समजायला त्याला वेळ लागला नाही. मोरीवर जाऊन त्यानं हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. मग आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. माझ्याच ताटातली भाकरी मोडली.

"त्यात नाय टाकलं," आय घाईनं म्हणाली. "वो, नका खाऊ. तुमाला नाय वाढलं ते."

बानं भाजी घेतली, भरपूर, आणि तोंडात टाकली. चावत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला, गळ्याची हाडं वरखाली झाली. दुसरा घास घेतला. आय वाटी धरून तशीच बसली होती.

"मीठ कमी हाय," बा म्हणाला.

आयनं वाटी आमच्या दोघांच्या मधे आदळली. काकडं उडाली, दोन चुलीपर्यंत घरंगळली. बानं हात लावला नाही. मीही नाही. आम्ही दोघं खात राहिलो, नाकं ओढत, डोळे पुसत, ताटाचा तळ दिसेपर्यंत. मग बा उठला, बाहेर गेला आणि ओट्यावर पाय पसरून झोपला.